डाव्या खांद्याची जागा

फोन वाजला तेव्हा लॉर्ना कटफर्थच्या ओठांत टाचण्या होत्या. स्टुलावर उभ्या राहिलेल्या बाईच्या झग्याची कड दुमडत ती गुडघ्यांवर बसली होती. एक हात मोकळा होता म्हणून तिने फोन उचलून कानाशी धरला. संग्रहालयातली इमोजेन बोलत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसा. काचेचं कपाट तयार झालंय, तुम्हाला सापडलेला ब्रोच आत फार देखणा दिसतोय, वसंतात दालन उघडणार, वर्तमानपत्रवाले येणार. "आणि एक विचारायचं होतं. खालच्या पाटीवर आम्ही शोधणाऱ्याचं नाव घालतो. पण तुमच्या बाबतीत, म्हणजे हॅवर्बी गावातल्या लोकांना अजून जुन्या गोष्टी आठवतात. तुम्हाला उगाच ताप नको. त्यापेक्षा 'स्थानिक शोधकाला सापडलेला' एवढंच लिहिलं तर चालेल ना?" लॉर्नाच्या नाकातून "हं" असा आवाज निघाला. ऐकतेय, एवढ्याच अर्थाचा. टाचण्यांमुळे ओठ उघडता येत नव्हते. "मला वाटलंच होतं तुम्ही समजून घ्याल," इमोजेन म्हणाली आणि तिने फोन ठेवला. लॉर्नाने एकेक टाचणी ओठांतून काढून कडेला टोचली. वरून बाईने विचारलं, "काही वाईट बातमी?" "नाही, चांगलीच आहे," लॉर्ना म्हणाली. कड वाकडी बसली होती. ती सगळी उसवावी लागली.

संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून ती चढ चढायला लागली. लिंकन शहरातल्या त्या चढावर दम लागतो तेव्हा माणसं कॅथीड्रल बघायच्या निमित्ताने थांबतात. लॉर्ना थांबली नाही. तो "हं" तिची पाठ सोडत नव्हता. आपण होकार दिलेला नाही असं ती स्वतःला बजावत होती, पण तिकडे तर पाटी लिहायलासुद्धा घेतली असेल. आणि असा होकार आपण आजच दिला असं तरी कुठे आहे, असं तिच्या मनात आलं. बाप तुरुंगात गेला त्या हिवाळ्यात शाळेतल्या बाईंनी तिचं बाक हलवून कोटांच्या खुंट्यांजवळ नेलं होतं, "तुला इथे निवांत वाटेल" म्हणून. हं. आईने माहेरचं आडनाव लावायला घेतलं आणि म्हणाली, तूही हेच लाव, सोपं जाईल. हं. गॅरीशी लग्न ठरलं तेव्हा तो हसत म्हणाला होता, माझं नाव घे, माझं स्वच्छ आहे. दुसऱ्याचा रेनकोट अंगात घालावा तसं तिने ते नाव घातलं आणि बरीच वर्षं त्यात कोरडी राहिली. त्यातल्या कुणी तिला कधी वेडंवाकडं बोललं नव्हतं. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. समजूतदार माणसांचं काय करायचं? ती हळूच दंडाला धरतात, दाराआड नेऊन उभं करतात आणि वर विचारतात, इथे वारा लागत नाही ना? घटस्फोटाच्या वेळी वकिलाने कागदावरून मान वर न करता विचारलं होतं, यापुढे आडनाव कुठलं? ती बोलून गेली, कटफर्थ. वकिलाने स्पेलिंग विचारलं. तिने एकेक अक्षर सांगितलं तेव्हा तिचे कान गरम झाले होते. लाजेनेच झाले होते असं मात्र तिला आजही म्हणता आलं नसतं.

बाप साखर कारखान्याला बीट पोचवणारी लॉरी चालवायचा. क्लिफर्ड कटफर्थ. मोठाले, भेगाळलेले हात. त्या हातांनी जुन्या रेडिओचे भाग जोडून त्याने जमिनीतला धातू हुडकणारं पहिलं यंत्र बनवलं होतं, झाडूला थाळी बांधल्यासारखं दिसणारं. ते घेऊन फिरून परत आला की तो लॉर्नाला डोळे मिटायला लावायचा आणि तिच्या तळहातावर एखादं गार, खरखरीत नाणं ठेवायचा. "कोण आलंय ओळख." ती बोटांनी चाचपायची. "राजा." "कुठला?" "रोमचा." मग तो इतका खूश व्हायचा की आईलासुद्धा हसू यायचं. कुठल्या शेतातून आणलं ते मात्र कधी सांगायचा नाही. रविवारी आई आणि लॉर्ना चॅपलला जायच्या. पुढच्या बाकावर हॅवर्बीतले सगळ्यांत मोठे शेतकरी हॅरल्ड डाउस, त्यांची बायको विनिफ्रेड आणि मुलगा नेव्हिल बसायचे. देवाबिवावर आपला विश्वास नाही असं सांगून बाप घरी राहायचा. त्या वेळात तो कुठे असायचा ते लॉर्नाला पुढे सगळ्या जिल्ह्याबरोबर कळलं. ती स्तोत्र गात असायची आणि चॅपलमागच्या टेकाडापलीकडे बाप डाउसांचं शेत चोरून उकरत असायचा. एका रविवारी प्रवचनाच्या मध्येच हॅरल्डचा घोळणा फुटला. रुमाल नाकाला लावून तो घरी निघाला आणि कोवळ्या गव्हात त्याला क्लिफर्ड सापडला, खिशात बकलं, नाणी आणि एक तुटकी अंगठी. तीन महिन्यांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रातल्या फोटोत बाप कोर्टाच्या पायऱ्या उतरताना चक्क हसत होता. त्या हसण्याबद्दल लॉर्नाने त्याला कधीच माफ केलं नाही, आणि त्या तळहातावरच्या राजांसाठी कधी पूर्ण टाकूनही दिलं नाही.

स्वतःचं यंत्र तिने घटस्फोटानंतर घेतलं. कशासाठी, ते सांगता येत नव्हतं. संध्याकाळी मोकळ्या पडणाऱ्या हातांना काहीतरी हवं होतं. पहिल्याच दिवशी तिला कळलं की हे हातांना येतंय, मनगट आपोआप झुलतंय, अगदी बापासारखं. याची तिला इतकी किळस आली की ती यंत्र गवतात टाकून गाडीत जाऊन बसली. मग परत येऊन तिने ते उचललं. हात त्याचे असतील, पण दार ठोठावणार मी, असं तिने ठरवलं, आणि ठोठावलं तेही डाउसांचंच. नेव्हिल मोज्यांवरच बाहेर आला. हॅरल्ड गेल्यापासून शेत तोच बघत होता. "मी लॉर्ना कटफर्थ. क्लिफर्डची मुलगी. तुझ्या शेतात यंत्र फिरवायची परवानगी हवीय." "तू माझ्यामागे बसायचीस. बेसूर गायचीस," तो म्हणाला. मग दाराला टेकून हसला. "निदान तू विचारलंस तरी. ये. फक्त रविवारी नको."

ब्रोच सापडला तो सप्टेंबरातला दिवस तिला अंगभर आठवत होता, एखाद्या तापासारखा. जवाची कापणी झाली होती, धसकटं बुटांखाली करकरत होती आणि वारा समुद्राकडून येत होता. कानात गंजक्या लोखंडाची घुरघुर, मग शांतता, मग तो आवाज, वरच्या पट्टीतला, स्वच्छ, कुणी काचेला चमचा लावावा तसा. नांगराच्या तासाखालची माती ओलसर आणि काळी होती. बोटभर रुंदीची हिरवट कड दिसली, मग सोन्याचा मुलामा, मग लाल खडे. खडे मातीतून असे वर बघत होते की ती दचकली. बोटाने माती सारताना त्याच्या शेजारी काहीतरी तपकिरी लागलं. मूळ असेल असं वाटलं. ते मूळ नव्हतं. गळ्याजवळचं हाड होतं. लॉर्नाचा हात तिथेच थांबला. आणि तेव्हा तिला बापाचा आवाज ऐकू आला, कानात नव्हे, मनगटात. उचल. खाली आणखी आहे. कोण बघतंय? हात मागे घ्यायला तिला जेवढा जोर लागला तेवढा दगड उपटायलाही कधी लागला नव्हता. तिने नेव्हिलला आणि संग्रहालयाला फोन केला आणि खड्ड्याच्या कडेला पाय पसरून बसून राहिली. नेव्हिल थर्मासमधून चहा घेऊन आला. "काय आहे?" "कोणीतरी आहे," ती म्हणाली. त्याने टोपी काढली, आणि मग टोपी काढल्याची लाज वाटून परत घातली.

इमोजेन आणि तिच्या लोकांनी छोट्या करण्या आणि ब्रश घेऊन ती बाई मातीतून मोकळी केली. चौदाएकशे वर्षांपूर्वीची, तरुण, कुशीवर निजलेली. उजव्या खांद्यावर ब्रोच. छातीवर मधाच्या रंगाचे अंबरचे मणी, दोरा केव्हाच कुजला होता, तरी ओळीत राहिलेले. त्या काळी बायकांचा झगा दोन्ही खांद्यांवर ब्रोचने अडकवलेला असायचा आणि मधे मण्यांची माळ सोडलेली असायची, इमोजेन सांगत होती, आणि सांगता सांगता तिचा ब्रश थांबला. डावा खांदा नव्हता. तिथली माती वेगळ्या रंगाची, भुसभुशीत होती. वरून खाली अरुंद खड्डा गेलेला स्पष्ट दिसत होता, आणि हाडाचे तुकडे त्यात बाजूला सारल्यासारखे पडले होते. "कुणीतरी आधी येऊन गेलंय," इमोजेन स्वतःशीच म्हणाली. "फार जुनं नाही हे." नेव्हिल कुंपणाकडे बघायला लागला. इमोजेन आपल्या ब्रशकडे. कुणीच लॉर्नाकडे बघितलं नाही. ते न बघणं तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीचं होतं. पुढे अशा सापडलेल्या वस्तूंचा निवाडा करणाऱ्या कोरोनरच्या कोर्टात रीतसर चौकशी झाली, ब्रोच सरकारी कायद्याने खजिना ठरला, संग्रहालयाने तो घेतला. त्या सगळ्या महिन्यांत ती दर आठवड्याला वृद्धाश्रमात बापाला भेटायला जायची आणि त्याला विचारायचं राहून जायचं. राहून जातं, असं ती स्वतःला सांगायची. नुसत्या भुसभुशीत मातीवरून कुणाचं नाव घेता येत नाही, हेही खरंच होतं.

घरी येऊन तिने कोट न काढता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चहा प्यायला. 'स्थानिक शोधक'. म्हणजे पाटीवर तीही नसणार आणि तो खड्डाही नसणार. बाईचा एकच ब्रोच तिथे ठेवतील आणि लोकांना वाटेल, नांगराने नेला असेल दुसरा. समजूतदारपणाने सगळं सारखं करून टाकलं होतं, बापाची चोरी आणि तिचं हात मागे घेणंही. तिला इतका राग आला की कप ठेवताना बशीचा टवका उडाला. हा राग इमोजेनवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वृद्धाश्रमात गेली. क्लिफर्ड खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी, समोर कस्टर्डची वाटी. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही भुवया तेवढ्या काळ्या राहिल्या होत्या.

"आली शहाणी," तो म्हणाला. "सोनं शोधते आणि सरकारला देते. कस्टर्ड खाणार? यात सोनं नाही, हरकत नाही तुला."

"बाबा, डाउसांच्या जवाच्या शेतातला डावा ब्रोच तुम्ही काढलात का?"

तिला वाटलं होतं तो उडवून लावेल. त्याने चमचा वाटीत ठेवला. "डावा होय तो? मला काय माहीत. मला एकच आवाज आला होता. दुसरा खोल असणार. तेव्हाच्या यंत्राला एवढ्या खालचं कुठलं ऐकू येतंय." मग त्याचे डोळे चमकले. "लाल खडे होते ना? मधे एक मोठा?"

"हो."

"असा दुसरा मी आयुष्यात नाही बघितला, पोरी. महिनाभर लॉरीत, सीटखाली होता. बीट उतरवताना हात घालून बघायचो, आहे ना म्हणून."

"आणि मग?"

"मग विकला. बर्मिंगहॅमचा एक जण होता. त्याने पुढे परदेशात खपवला म्हणतात. कोर्टात कुणी विचारलंच नाही. जे खिशात होतं तेवढंच विचारलं."

"तिथे हाड होतं, बाबा. तुम्ही हाड मोडलंत."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर एक बाई कुत्र्याला फिरवत होती. "मणीही असतील तिथे," तो म्हणाला. "मण्यांना आवाज नसतो. कळलं असतं तर तुला आणले असते."

लॉर्नाला एकदम रडू यायला लागलं आणि त्याचा तिला संताप आला. हेच त्याचं होतं. तो एखाद्या मेलेल्या मुलीचा खांदा फोडायचा आणि त्यातून आपल्या मुलीसाठी काहीतरी आणायचा, आणि या दोन गोष्टींच्या मधे त्याच्या डोक्यात साधी भिंतसुद्धा नव्हती. भिंती सगळ्या तिच्या वाट्याला आल्या होत्या.

"मी हे सांगणार आहे. संग्रहालयाला."

"सांग की. म्हाताऱ्याची बडबड कोण खरी मानणार?"

पण इमोजेन स्वतः वही घेऊन आली, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तिने त्याला "मिस्टर कटफर्थ" म्हटलं, तेव्हा त्याला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी शिकलेलं माणूस त्याचं ऐकून घेत होतं. शेताचा कोपरा, कुंपणातलं ओकचं झाड, किती हात खाली, माती कशी होती, सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. खोली हाताने दाखवताना त्याचं मनगट झुललं, आणि लॉर्नाने आपले हात कोटाच्या खिशात घातले. बाहेर गाडीपाशी इमोजेन म्हणाली, "हे फार मोलाचं आहे. आमच्या दप्तरात नक्की ठेवू."

"दप्तरात नको. पाटीवर."

"पाटीवर?"

"शोधणारी लॉर्ना कटफर्थ. डावा ब्रोच तिच्या बापाने, क्लिफर्ड कटफर्थने, चोरून काढला आणि विकला. तो कुठे आहे कुणाला माहीत नाही. असं."

इमोजेनच्या चेहऱ्यावर तीच समजूतदार काळजी पसरली. "लॉर्ना, ते जिवंत आहेत."

"मीही आहे."

"तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल असं मला वाटतं. त्या दिवशी फोनवर तुम्ही हो म्हणालात, तेव्हा मला..."

"मी हो म्हणाले नाही. माझ्या तोंडात टाचण्या होत्या," लॉर्ना म्हणाली. "आता नाहीत. माझं नाव घाला नाहीतर ती बाई मला परत द्या, मी तिला आहे तिथे पुरून येते." हे आपल्याला करता येणार नाही हे तिला माहीत होतं, इमोजेनलाही माहीत होतं. पण इमोजेनने वही परत उघडली.

संध्याकाळी नेव्हिलचा फोन आला. पाटीचं त्याला कळलं होतं. "आईला त्रास होईल, लॉर्ना. ती नव्वदीला आलीय."

"तू विचारलंस तिला?"

"तसं नाही विचारलं."

"मग विचार. नाव तिचं नाहीये त्यात, माझं आहे."

एप्रिलमधे दालन उघडलं. बापाला आणू नको असं आश्रमातल्या बायांनी सांगितलं होतं, पण यायचं त्यानेच ठरवलं, आपण दिलेल्या माहितीसाठी आपल्याला बोलावलंय अशा थाटात, टाय बांधून. लॉर्नाने त्याला आधी काही सांगितलं नाही. खुर्ची ढकलत ती त्याला काचेपाशी घेऊन गेली. आत काळ्या कापडावर ब्रोच ठेवला होता, शेजारी ओळीने मणी, आणि डावीकडे तेवढ्याच आकाराचं नुसतं पांढरं वर्तुळ, रिकामं. बाप आधी ब्रोचकडेच बघत राहिला. त्याचा श्वास काचेवर उमटला. मग त्याने खिशातून चष्मा काढला आणि पाटी वाचली. एकदा वाचली आणि परत पहिल्यापासून वाचली. मानेवरची शीर उडताना लॉर्नाला वरून दिसत होती.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. विनिफ्रेड डाउस नेव्हिलच्या दंडाला धरून येत होती, एवढीशी झालेली, डोक्यावर चॅपलला जायची टोपी. ती खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली, वाकून पाटी वाचली आणि मग क्लिफर्डकडे वळली. नेव्हिलने डोळे मिटून घेतले.

"खड्डे का बुजवायचा नाहीस रे, क्लिफर्ड?" ती म्हणाली. "आमची गाभण मेंढी गेली त्यात पाय मोडून. हॅरल्ड रडला होता."

"घाई असायची," क्लिफर्ड पुटपुटला. "पाद्री फार लवकर आटपायचा."

"लवकर? मला तर वाटायचं, हा मेला आज गप्पच बसत नाही." तिने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि लॉर्नाकडे पाहिलं, नीट, डोळ्यांत, कुणी तसं पाहिलं त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. "आणि ही बाई तू शोधलीस?"

"हो, मिसेस डाउस."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि नेव्हिलला घेऊन चहाच्या टेबलाकडे गेली.

बापाने चष्मा काढून खिशात घातला. खिसा लवकर सापडेना. "चल आता. बघून झालं."

लॉर्ना हलली नाही.

"मला चोर म्हणून भिंतीवर टांगलंस."

"तुम्ही होतातच, बाबा. मी फक्त लिहून घेतलं."

"आणि तू कोण गं? साध्वी?"

"मी तुमची मुलगी. तेही लिहिलंय. बघा, पहिल्याच ओळीत."

दाराशी गर्दी झाली होती. इमोजेन कुणालातरी आत या म्हणत होती, कॅमेरे होते, हॅवर्बीतले ओळखीचे चेहरे होते, वय झालेले, आणि त्यांच्यातले काहीजण या दोघांना बघून थबकले होते. आत्ता जर कुणी हळूच दंडाला धरून बाजूला नेलं असतं तर लॉर्ना गेली असती, हे तिला लख्ख कळलं, आणि म्हणून ती काचेच्या आणखी जवळ सरकली. बापाने दोन्ही चाकांवर हात ठेवले आणि खुर्ची वळवायला लागला. त्या हातांत अजून जोर होता. लॉर्नाने बुटाच्या टोकाने खुर्चीचा ब्रेक खाली दाबला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "लोक येताहेत. वाचू दे त्यांना."